हिरवा रिपोर्ट

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या आमच्या इस्पितळात रोज सकाळी वेलदोड्याच्या कॉफीआधी बॅकअपचा रिपोर्ट मी अबू किनानच्या टेबलावर ठेवायचे. तो संगणक विभागाचा प्रमुख, माझा साहेब. सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे यादीतल्या सगळ्या फाइलींच्या प्रती नीट झालेल्या असल्या, की कागद घेऊन स्वारी मिरवत संचालकांकडे जायची.

दोन वर्षांपूर्वी एक ओळ रोज लाल यायला लागली. पेशंटांच्या तपासण्यांचा डेटाबेस तेव्हापासून चोवीस तास चालू, त्यामुळे बॅकअपला त्याची फाइल वाचताच येत नव्हती.

मी म्हटलं, "अहो अबू किनान, चालू डेटाबेसची प्रत घेणारा भाग बसवावा लागेल. आठवडाभराचं काम आहे."

"आठवडाभर मी लाल कागद दाखवू? पोरी, माझ्या नोकरीवर उठलीस का? ती फाइल यादीतूनच काढ."

मी काढली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हिरवागार. खूश होऊन त्याने मला बकलावा खिलवला, आणि मी तो खाल्ला.

काल सर्व्हर कायमचा बंद पडला. आज बॅकअपमधून सगळं परत आलं: रजेचे अर्ज, कँटीनचे मेनू, ईदची शुभेच्छापत्रं. तपासण्या तेवढ्या नाहीत.

"रिपोर्ट तर हिरवा होता!" अबू किनान संचालकांसमोर माझ्यावर ओरडला. "फाइल काढली कोणी?"

संचालकांनी यादीत कोणी कधी काय बदललं त्याच्या नोंदी मागवल्या. तारीख, वेळ, माझं नाव, सगळं जागच्या जागी होतं. त्या नोंदींचा बॅकअप दोन वर्षांत एक दिवसही चुकला नव्हता.