सिल्वीला आधी सांगायचं असतं

मी काय पाहिलं नाही, ते आधी सांगते. मला कोणी घडवलं, हे मी पाहिलेलं नाही. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी दुपारी कपाट कोणी उघडलं, हेही नाही. मी फडक्यात गुंडाळलेली होते. उरलेलं सारं माझ्यासमोर घडलं.

मी एक घंटा बोलतेय. लाकडी पाटावर बसवलेली वीतभर धातूची नळी, आणि सोबत ती वाजवायची एक छोटी मोगरी. अमेरिकेतल्या डलूथ शहरातल्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, शिकाऊ शिक्षिका म्हणून आलेल्या ॲनिका टॉलेफसनने मला आणलं. वर्ग मुळात मिसेस बर्गडाल यांचा. त्या नुसता चष्मा कपाळावर चढवत आणि एकवीस मुलं गप्प होत. ॲनिकाने तसं करून पाहिलं, तेव्हा मुलं हसली. म्हणून मी.

एक ठोका म्हणजे हातातलं खाली ठेवा, दोन म्हणजे आवरा, तीन म्हणजे गालिच्यावर या. वर्ग धड्यात सहसा बिघडत नाही. बिघडतो तो दोन धड्यांच्या सांध्यावर. बाहेरून आलेल्या एकवीस जणांच्या बर्फातल्या विजारी आणि बूट उतरवणं, हा तर स्वतंत्र विषयच होता.

त्या एकवीसांतली सिल्वी या सांध्यांवर अडायची. हातातलं काम अर्धं सोडायची वेळ आली की तिचे खांदे ताठ होत आणि ती टेबलाखाली जाई. ॲनिकाला कारण सापडलं नाही, उपाय सापडला. माझी वेळ होण्यापूर्वी दोन मिनिटं ती सिल्वीजवळ वाकून सांगे, आणि मोगरी तिच्या हाती देई. पहिला ठोका सिल्वीचा. सात आठवडे ती टेबलाखाली गेली नाही.

शिकाऊ शिक्षिकेने एकेक विषय हाती घेत शेवटी सगळा दिवस सांभाळायचा, अशी इथली रीत. ॲनिका तिथवर पोचली, तेव्हा तिला तपासायला विद्यापीठाच्या निरीक्षक बाई येणार असल्याचं कळलं. त्यांच्या कागदावर सांध्यासाठीही एक रकाना असे, आणि त्या वेळ मोजत.

आदल्या दिवशी मिसेस बर्गडाल म्हणाल्या, "सिल्वीसाठी दोन मिनिटं गेली तर जाऊ देत गं."

"तुमचं ठीक आहे. मला पास व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी ॲनिका वाकली नाही. मोगरी तिच्याच हातात राहिली. तीन ठोके पडले, वीस मुलं उठली, सव्वा मिनिटात गालिच्यावर बसली. सिल्वी पेन्सिल धरून तशीच होती. शेजारचा हळूच म्हणाला, "झालं, ही पुन्हा अडली." ती रडली नाही. टेबलाखाली गेली. निरीक्षक बाईंची त्या टेबलाकडे पाठ होती. त्यांनी रकान्यात 'उत्तम' लिहिलं. माझा सूर त्या दिवशी निर्दोष लागला होता, हेही नमूद करते.

मुलं जेवायला गेल्यावर ॲनिका फरशीवर बसली. "माझं चुकलं, सिल्वी."

"तुम्ही रोज सांगता," टेबलाखालून आवाज आला. "आज पाहुण्या होत्या म्हणून नाही सांगितलंत."

ॲनिका पास झाली. त्यानंतर ती रोज वाकून सांगत राहिली, मोगरी पुढे करत राहिली. सिल्वीचे हात मांडीवरून हलले नाहीत.

ॲनिकाच्या शेवटच्या शुक्रवारी मुलांनी तिला निरोपाची चित्रं दिली. वीस. तिने ती दोनदा मोजली. मग मला आणि मोगरीला एकाच फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. दुपारी कपाट एकदा उघडलं. कोणाच्या तरी हाताने फडकं सैल केलं आणि पुन्हा नीट मिटलं.

आता मी त्याच कपाटात आहे. वाजवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की ज्याला आधी सांगायचं असतं, त्याला पाहुण्यांसमोरही सांगा.

सोमवारी मिसेस बर्गडालनी फडकं उलगडलं, तेव्हा मोगरी नव्हती. ॲनिकाने आठवण म्हणून नेली असेल. किंवा सिल्वीने. सिल्वीने नेली असेल, तर ती स्वतःजवळ ठेवायला, की मला पुन्हा कोणी वाजवू नये म्हणून, हे मला सांगता येणार नाही. मोगरी अजून मिळालेली नाही.