गोठा पुसायचा नाही

यामिनीच्या बॉसने, डॅरनने, फोनवर सांगितलं ते अगदी साधं होतं. ड्रॉइंगमधून गोठा काढून टाक.

गोठा म्हणजे इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं सातशे वर्षांपूर्वीचं चॅपल. दोनेकशे वर्षं तिथे प्रार्थना झाली. मग राजाने मठ बंद करून जमिनी विकल्या आणि ज्या शेतकऱ्याने ती जमीन घेतली त्याने आत गुरं बांधली. तेव्हापासून अगदी परवापर्यंत तो गोठाच होता. आता नवे मालक व्हिटकॉम यांना तिथे लग्नाचा हॉल करायचा होता. ते मूळचे मेलबर्नचे, डॅरनचे जुने मित्र, म्हणून नकाशांचं काम त्याच्याकडे आलं. लॉकडाऊनमुळे ऑफिस बंद होतं, त्यामुळे लेझरने मोजलेलं ते सगळं चॅपल मेलबर्नच्या टार्निट उपनगरात यामिनीच्या डायनिंग टेबलवर येऊन बसलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची सात वर्षांची मुलगी मैथिली आयपॅडवर शाळा करायची.

सहा आठवडे यामिनी त्या भिंतींत वावरत होती. बैलगाडी आत यावी म्हणून दक्षिणेची टोकदार कमान कापून वर ओकची आडवी तुळई टाकली होती. वैरणीच्या माळ्यासाठी कोरीव पानांच्या नक्षीतच चौकोनी खोबण्या पाडल्या होत्या. पूर्वेची मोठी खिडकी दगडांनी बुजवली होती, पण वारा खेळावा म्हणून मधे फटी राखल्या होत्या. आणि भिंतीला कमरेच्या वर एक लांब पट्टा होता, गुरांनी पिढ्यान् पिढ्या अंग घासून गुळगुळीत केलेला. हे सगळं करणाऱ्याला काम कळत होतं, असं तिला शीटगणिक वाटत गेलं.

"ते सगळं नंतरचं लचांड आहे," डॅरन म्हणाला. "खरी इमारत तेराशे चाळीसची. माळा दिसला तर कौन्सिल म्हणणार, तो ठेवा. मग हॉलला उंची कुठून मिळणार?"

"शीटवर 'सध्याची स्थिती' असं लिहिलंय, डॅरन. सध्या माळा आहे."

"तुझा व्हिसा आमच्या स्पॉन्सरशिपवर आहे, हे मी सांगायला नको."

"नको. मला माहीत आहे."

ते तिच्या नवऱ्यालाही, हृषिकेशलाही, माहीत होतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्येच संपलं होतं आणि सगळं घर यामिनीच्या नोकरीवर उभं होतं. "एक माळा नाही दाखवला तर कोणाचं काय बिघडतंय?" तो म्हणाला. "इथून काढलं तर परत जायला विमानं तरी आहेत का?"

"आज माझ्या हाताने खोटं काढून दिलं, तर उद्या ते मला विचारणारसुद्धा नाहीत. धरूनच चालतील."

तिने पुसलं नाही. डॅरनने दुसऱ्या कोणाकडून तरी पुसून घेतलं आणि शीट्स इंग्लंडला पाठवल्या.

गुरुवारी संध्याकाळी सातला कौन्सिलबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. फाइली यामिनीने बनवलेल्या, म्हणून तिने हजर राहायचं, पण म्यूटवर, असं डॅरनने बजावलं होतं. कौन्सिलच्या हेलन नावाच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून एकेक शीट बारकाईने बघत होत्या.

"इथे नक्षी चार ठिकाणी तुटलेली दिसते," त्या म्हणाल्या. "तुळया बसवल्या होत्या का?"

"झीज असावी," डॅरन म्हणाला.

"झीज चौकोनी नसते. हे काढलं कोणी?"

यामिनीने म्यूट काढला. "मूळ ड्रॉइंग माझं. पण ते हे नाही. माझं दाखवते." कोणी अडवायच्या आत तिने स्क्रीन शेअर केली. माळा, गव्हाणी, कापलेली कमान, सगळं जागच्या जागी होतं.

"हे तर नुसतं गुरांचं सामान आहे," व्हिटकॉम म्हणाले.

"चॅपल दोनशे वर्षं होतं, मिस्टर व्हिटकॉम. गोठा साडेचारशेच्या वर. गुरं होती म्हणून शेतकऱ्याने छप्पर शाकारलेलं ठेवलं. शेजारच्या मठाचा दगडसुद्धा उरला नाही. तुम्ही जी भिंत विकत घेतलीत ती गाईंनी राखलेली आहे."

हेलनबाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "मूळ फाइल मला पाठवा," त्या म्हणाल्या. "आज."

यामिनीने मीटिंग संपायच्या आत ती पाठवली.

सकाळी डॅरनची तीन ओळींची ईमेल आली. चार आठवड्यांनी तुझी नोकरी संपेल. हृषिकेशने ती दोनदा वाचली. तो रागावेल म्हणून ती थांबली होती, पण तो लॅपटॉप ओढून घेत म्हणाला, "त्यानंतर नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस. तुझा सीव्ही दे, मी यादी करतो."

त्यांनी छत्तीस ठिकाणी अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. सत्तावन्नाव्या दिवशी जवळच्या ट्रुगानिनात शीतगृहं बांधणाऱ्या एका कंपनीने तिला कॉलवर घेतलं. आधीची नोकरी का सोडली, असं मॅनेजरने विचारलं. तिने गोठ्यापासून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी सांगितलं तरी तू खोटी रेघ मारणार नाहीस?"

"नाही."

मग स्पॉन्सरशिपची कागदपत्रं कधी पाठवशील, असं त्याने विचारलं.

डिसेंबरात हेलनबाईंचं पत्र आलं. माळा आणि गव्हाणी ठेवूनच काय ते करा, असा निर्णय झाला होता. व्हिटकॉमनी कंटाळून जागा शेजारच्या मेंढपाळाला विकली. त्याने आत वैरण भरली.

त्याच आठवड्यात डॅरनच्या ऑफिसच्या वेबसाइटवर चॅपलचं ड्रॉइंग झळकलं. पुसलेलं नव्हे, माळ्यासकट यामिनीचं. खाली नाव मात्र फक्त डॅरनचं. त्याला लिहायचं, असं यामिनी म्हणाली.

"वेडी आहेस का, संपलं ना आता," हृषिकेश म्हणाला.

तिने सोमवारी डॅरनला एक ओळ लिहिली. माझं ड्रॉइंग आहे, माझं नाव घाल. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी तिने तीच ओळ पुन्हा पाठवली, आणि त्याच्या पुढच्याही.