एकटीचं अंडं

आधीच सांगते, मी हळदीतून पळाले नाही. सगळ्यांच्या देखत, गाडीची किल्ली हातात घेऊन, मंडपाच्या मधोमधून चालत बाहेर गेले. आमच्या गावात, मोहन्यात अजून बोलतात. बोलू देत.

त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाची, मितेशची हळद होती. आमच्या घरात नवरदेवाला पहिली हळद सख्खी बहीण लावते. पण मी पडले नवऱ्याला सोडून आलेली. मूल नाही म्हणून सासरी रोज ऐकायचं, एक दिवस ऐकायचं थांबवलं, एवढंच. पण लक्ष्मीआत्यानं घर डोक्यावर घेतलेलं. पहिला हात माझा नको, तिच्या मुलीचा, दिशाचा असू दे. शेवटी मितेश म्हणाला, "कल्पिताताई लावणार नसेल तर मी पाटावर बसणारच नाही." तिथं विषय मिटला. आत्याचा राग काही मिटला नाही.

आता टिकली. माझी कॉकाटील, पोपटाच्या जातीतली. राखाडी अंग, गालावर केशरी ठिपके, म्हणून टिकली. सासरहून निघताना मी दागिन्यांसाठी भांडले नाही, हिच्यासाठी भांडले.

दुपारी साडी नेसून पिंजऱ्याजवळ गेले, तर बाई दांडीवर नाहीत. खाली तळाला बसलेली, पिसं फुगवून, पाय फाकवून. श्वासागणिक शेपटी वरखाली होत होती. बूड फुगलेलं. सकाळी अंथरलेला कागद कोरा, एक शीट नाही. मध्येच अंग आवळून जोर लावायची, आणि काहीच नाही. दोन दिवस ती कोपऱ्यात बसून कागद कुरतडत होती, ते आठवलं आणि माझी ट्यूब पेटली. अंडं अडकलंय!

"अंडं?" आत्या मागे येऊन उभीच होती. "एकटी मादी, नर नाय काय नाय, अंडं येनार कुठनं गो? डीजेला भ्यालंय पाखरू."

"आत्या, पोल्ट्रीतली अंडी काय मांडव घालून येतात का?"

बायका फिसकन हसल्या. आत्याचा चेहरा लालबुंद. पण तिनं जन्मभर कोंबड्या पाळलेल्या, ती मागे हटते होय! "मंग सरक. तेल आना जरा. बोटानं दाबलं का पडतंय बाहेर. कितीक कोंबड्या सोडवल्यात मी." आणि हात सरळ पिंजऱ्यात.

मी तिचं मनगट धरलं. आमच्या घरात आत्याचं मनगट आजवर कोणी धरलं नसेल. दुसऱ्या हातानं वर्तकनगरच्या डॉक्टर लॉराला फोन लावला. टिकलीची नखं त्याच कापतात.

"दाबू नकोस," त्या म्हणाल्या. "अंडं आत फुटलं तर ती हातची जाईल. तेलबिल काही नको. ऊब दे, अंधार दे, आणि निघ लगेच. थांबायची वेळ नाही."

कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, शेजारी टिकलीला बसवलं, वर ओढणी टाकली. मंडपाच्या तोंडाशी आत्या आडवी आली.

"एका पाखरासाठी? दुसरं आनू की! नवरीच्या, निशाच्या घरची मानसं उष्टी हळद न्यायला येतील. आता गेलीस तर पहिला हात दिशाचा. मंग बोंबलू नको."

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. तो हात मला हवा होता. त्यासाठी मी किती ऐकून घेतलं होतं! मितेश लांबून बघत होता.

"लावू दे दिशाला," मी म्हटलं. "मितेशला हळद लावायला अख्खं गाव आहे. हिला मी एकटीच आहे." आणि निघाले.

मे महिना, एसी बंद, काचा बंद. घामानं साडी अंगाला चिकटली. माजिवड्याला गाड्या हलेनात. ओढणीखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता, मग तोही थांबला. "जोर लाव गं बाई," मी ओरडले. "आपल्याला बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या मनासारखं करून मरायचं नाही!" शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. त्यालाही सुनावलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि तिला गरम, दमट पेटीत ठेवलं. "नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालतेस ना? कवच करायला हिच्या अंगात कॅल्शियमच नाही. आता वाट बघू. नाही झालं तर भूल देऊन काढावं लागेल, आणि त्यात ती जाऊ शकते."

मी पिवळ्या साडीत बाकावर बसले. देवाला काही मागितलं नाही, त्याच्याशी भांडले. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी दार उघडलं आणि आत बोलावलं. टिकली धापा टाकत होती, पण उभी होती. तिच्या मागे पांढरंशुभ्र, सुपारीएवढं अंडं. मी हुंदके देऊन रडले, लाज कसली?

टिकलीला त्यांनी रात्रभर तिथंच ठेवून घेतलं. अंडं मी कापसात घालून आणलं.

मंडपात डीजे बंद. मितेश पाटावर, तोंड कोरडं ठाक, हळदीचं बोटही नाही. दिशा हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसलेली. "आईनं हात धरून ओढलं, ताई," ती म्हणाली. "पण मी नाही लावली."

आत्या तरातरा आली. "निशाची मानसं कवापासून बसल्यात! जगलं का मेलं तुझं पाखरू?"

मी कापूस उघडून अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. आत्यानं सवयीनं ते हॅलोजनसमोर धरलं, कोंबडीचं बघते तसं, आणि फिरवून फिरवून पाहिलं.

"यातनं काय निघनार नाय," ती म्हणाली.

"नाही निघालं तर नाही," मी म्हटलं. "जिनं घातलं ती जिवंत आहे. आता सरक, मला हळद लावायचीय."

आत्या सरकली.