प्लॅस्टिकमधली पृथ्वी

मित्रांनो, मी पृथ्वीचा एक जुना गोल आहे. वर्गात टेबलावर ठेवतात आणि बोटानं फिरवतात, तसा. पण स्वतःला जुना म्हणताना मला संकोच वाटतो. वापरून झिजतो त्याला जुना म्हणावं. मी न झिजताच म्हातारा झालो.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कागदाच्या लगद्याचा पोकळ चेंडू करून वाळवायचा आणि त्यावर छापील कागदाच्या लांबट पाकळ्या एकीला एक भिडवून चिकटवायच्या, असं तिथलं काम. मला घडवणाऱ्या मावशींचा हात फार हलका होता. एखाद्या देशाची सीमा केसभर सरकली, तरी त्या पाकळी उचलून पुन्हा बसवत. "ढिगानं पृथ्व्या केल्या मी," त्या शेजारणीला म्हणायच्या, "आणि स्वतः कुठवर गेले? तर कोपऱ्यावरच्या नळापर्यंत!" मग दोघी हसायच्या. मला स्टँडच्या कमानीत बसवल्यावर त्यांनी एक गिरकी देऊन पाहिली. मी सुरेख फिरलो. लगेच मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळी बांधली.

त्या काळात सरकारनं शाळांचं मोठं मनावर घेतलं होतं. नुसत्या खडू-फळ्यावर मुलांनी शिकू नये, त्यांना हाताळायला वस्तू मिळाव्यात, असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांचा हेतू खोटा नव्हता, हे मी आधीच सांगतो. भिंगं, चुंबकं, तराजू, नकाशे आणि माझ्यासारखे पुष्कळ गोल ट्रकमध्ये भरून लांबलांबच्या शाळांकडे निघाले. मला उतरवून घेताना हमाल ओरडला, "जपून रे, अख्खी पृथ्वी आहे हातात!" मला तेव्हा फार अभिमान वाटला.

मी पोचलो त्या शाळेला एकच मोठी खोली होती आणि वर पत्रा. मोठे गुरुजी तिथले मुख्याध्यापक. माणूस सरळ, शिकवणं चोख. पण सरकारी वस्तूची त्यांनी धास्ती घेतली होती. आधीच्या शाळेत त्यांच्या ताब्यातलं एक भिंग हरवलं, तेव्हा लेखी खुलासे देता देता ते मेटाकुटीला आले होते. मला पाहून मुलं धावत आली, तसे ते दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"लांबून! बघायचं ते डोळ्यांनी. हात मागे."

आणि त्यांनी मला पिशवीसकट कपाटावर चढवलं.

मित्रांनो, त्यांनी माझी हेळसांड केली असं मात्र म्हणू नका. दर आठवड्याला ते स्टुलावर चढून माझी पिशवी ओल्या फडक्यानं पुसत. तपासणीचे साहेब येत, तेव्हा मला टेबलावर धुतलेल्या कापडावर बसवत. साहेब म्हणत, "वा! कालच आणल्यासारखा ठेवलाय." एका वर्षी तर साहित्य उत्तम जतन केल्याबद्दल शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. ते चौकटीत बसवून माझ्या शेजारी भिंतीवर लावलं. खाली मुलं भूगोलाचा धडा एका सुरात म्हणत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. मी वर स्तब्ध बसून ऐकत असे. उन्हाळ्यात पत्रा तापला की पिशवी माझ्या अंगाला चिकटायची.

पुढे त्या शाळेत नव्या बाई आल्या. आणि त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ! तिची आई नव्हती. बाबा समुद्रापलीकडे इमारतींच्या कामावर गेले होते, म्हणून ती आत्याकडे राहायची.

एके दिवशी ती बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, आपल्याकडे शाळा भरते तेव्हा कुठं अंधार असतो का?"

"असतो की. का गं?"

"बाबांनी सकाळी फोन केला, तर म्हणाले, इथं अजून उजाडायचंय. लवकर ठेवतो, सगळे झोपलेत. आत्या म्हणाली, भर दिवसा कसला अंधार? बोलायचं नसेल तर निदान पटेल अशी थाप तरी मारावी!"

मागून कुणीतरी म्हणालं, "तुझे बाबा झोपाळू आहेत!" वर्ग खो-खो हसला. भिंगरीही हसली, पण जागेवर गेली नाही.

बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढून समजावलं. भिंगरी म्हणाली, "हे तर ताट झालं. ताटाच्या मागं माणसं कशी राहतील?" मग बाईंनी मैदानावरचा चेंडू आणला, खिडकी लावून घेतली आणि त्यावर बॅटरीचा झोत टाकला. अर्धा चेंडू उजळला, अर्धा काळा राहिला. मुलं "आहा" म्हणाली. भिंगरीनं चेंडू हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"पण बाई, ह्यावर माझे बाबा कुठं आहेत?"

बाईंनी वर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आली माझी वेळ.

"गुरुजी, थोडा वेळ तो गोल द्या ना. मी स्वतः धरते. तिला तिच्या बाबांचा देश दाखवते, मग तिला पटेल."

"देऊ हो बाई. साहेबांची तपासणी होऊन जाऊ दे."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात. साहेब येऊन गेले की!"

"गेले, पण पुन्हा येणारच आहेत ना?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. गुरुजी रागावत नसत. नुसते म्हणत, "फुटला तर खुलासा मला द्यावा लागेल. तुम्ही अजून नव्या आहात."

हळूहळू भिंगरीचं विचारणं थांबलं. मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून राहू लागली. बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "बाबा काय म्हणतात?"

"मी फोनवर येतच नाही. आत्याला सांगायला लावते, झोपलीये म्हणून."

"असं का गं?"

"ते मारतात ना थाप? मग मी पण मारते."

मित्रांनो, मी कपाटावरून हे ऐकत होतो. तिचे बाबा जिथं पहाटेच्या अंधारात फोन कानाला लावून उभे असत, तो देश माझ्या अंगावर होता. तिला तो दाखवायला खरोखर किती वेळ लागला असता?

मग वरून आदेश आला. पट कमी असलेल्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत पाठवायचं. तीही सुधारणाच होती. मोठी शाळा चांगली होती म्हणे, पण रहदारीच्या रस्त्यापलीकडे. आत्यानं सांगून टाकलं, "रोज कोण पोचवणार? पुरे झालं शिकणं. घरात कामं काय कमी आहेत?"

शेवटच्या दिवशी भिंगरी पाटी-दप्तर न्यायला आली. गुरुजी कुणी न म्हणता स्टुलावर चढले. मला टेबलावर ठेवून त्यांनी स्वतः सुतळी कापली. "ये पोरी. बाई, ती बॅटरी आणा."

त्यांनी पिशवी ओढली. ती निघेना. जरा जोर लावला, तशी ती चर्रर्र करत निघाली, आणि तिच्याबरोबर माझा कागदही निघाला. इतक्या उन्हाळ्यांत दोघं एकजीव झालो होतो. समुद्र पिशवीला चिकटून गेले, देशांचे लचके गेले. खाली उरला पांढरा लगदा.

भिंगरी पुढे झाली. "बाबा कुठं आहेत?"

गुरुजींचं बोट माझ्यावरून सावकाश फिरलं आणि एका पांढऱ्या जागेवर थांबलं. "इथं. इथंच होतं बघ."

"इथं तर काहीच नाही, गुरुजी."

बाईंनी तिला काहीतरी समजावायला सुरुवात केली. पण तिनं दप्तर उचललं आणि ती चालत निघून गेली. भिंगरी कधी चालायची नाही, नेहमी पळायची. गुरुजी पिशवी हातात धरून खुर्चीवर बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी मला जपलंच होतं, जसं त्यांना शिकवलं गेलं होतं तसं.

आता मी शिक्षण खात्याच्या कार्यालयातल्या सामानखोलीत आहे. बंद झालेल्या शाळांतले गोल इथं रांगेनं ठेवलेत. बहुतेकांच्या पिशव्यांची गाठही सुटलेली नाही. परवा शिपाई म्हणत होता, "आवरा हे सगळं, नवा माल यायचाय."

मित्रांनो, तो नवा माल कदाचित तुमच्या शाळेत येईल. मुलांनी वस्तूंची काळजी घ्यावी, असं तुम्हांला नेहमी सांगितलं जातं. माझं मागणं थोडं निराळं आहे. आलेला गोल त्याच दिवशी उघडायला लावा. मळक्या हातांनी फिरवा, कमानीतून निखळला तर पुन्हा बसवा. तुमच्या बोटांनी देश पुसट झाले तरी त्याला वाईट वाटणार नाही.

आणि वर्गात कुणाचे बाबा लांब असतील, तर त्याला सगळ्यांत आधी पाहू द्या.