डाव्या बाजूची रक्कम

मी पिंपळगाव राजाच्या एका भाजीपाला संस्थेची खतावणी, म्हणजे खात्यांची वही, बोलतेय. संस्थेचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची अब्रू कशाला काढू? माझं वय फार नाही, नऊ-दहा वर्षांची असेन. पण माझ्या अंगावर एका माणसाचं मरण आहे. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

खामगावातल्या एका बाइंडरकडे मी जन्मले. चारशे पानं, वर निळं कापड आणि कोपऱ्यांना लाल रेक्झिन. अंगाला खळीचा ओला वास होता. बाइंडरच्या बायकोनं माझ्या एकेका पानावर खटाखट आकड्यांचा शिक्का मारला आणि मला दुकानाच्या फळीवर उभं केलं. तिथून मला भालचंद्र कुळकर्ण्यांनी उचललं.

ते संस्थेचे हिशेबनीस. रोज सकाळच्या एसटीनं खामगावाहून यायचे. आले की आधी नळावर हात धुवायचे, रुमालाला पुसायचे आणि मगच मला उघडायचे. वीस वर्षांत त्यांनी अशा कितीतरी वह्या भरल्या होत्या, तरी माझ्या पहिल्या पानावर लिहिताना त्यांनी पेन आधी कागदाच्या तुकड्यावर चालवून पाहिलं. अक्षर बारीक, उभं, एकसारखं. त्या अक्षराचा स्पर्श मला अजून आठवतो.

माझं काम साधं आहे. प्रत्येक पानाला दोन बाजू. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. व्यवहार एक झाला तरी तो दोनदा लिहायचा, एका खात्यात डावीकडे आणि दुसऱ्या खात्यात उजवीकडे. मग वर्षाच्या शेवटी सगळ्या खात्यांच्या डाव्या बाजूची एक बेरीज आणि उजव्या बाजूची एक, अशी तेरीज मांडायची. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत.

अध्यक्ष हिंमतराव कधी कधी समोर येऊन बसायचे. वांग्या-टमाट्याची मोठी शेती, आवाज मोठा, गावात शब्दाला मान. ते माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "कुळकर्णी सायेब, एकच रक्कम दोनदा काऊन लिहिता? शाई फुकट हाये का?"

भालचंद्रराव हसायचे. "हिंमतराव, पैसा एका हातातून सुटतो तेव्हा दुसऱ्या हातात पडतो. मी दोन्ही हात लिहून ठेवतो."

हिंमतराव मान डोलवायचे. त्यांना ते कळलेलं नसायचं. हे मला दिसत होतं, भालचंद्ररावांना दिसलं नाही.

त्या फेब्रुवारीत टमाट्याचा हंगाम जोरात होता. संस्था शेतकऱ्यांना माल भरायला प्लास्टिकचे क्रेट द्यायची आणि दर क्रेटमागे पंचाहत्तर रुपये अनामत ठेवून घ्यायची. क्रेट परत आले की अनामत परत. माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर हे अनामतीचं खातं होतं. आलेली अनामत उजवीकडे, परत दिलेली डावीकडे. दोन्ही बाजूंनी मुंग्यांसारखी गर्दी.

एका दुपारी एकशे तेवीस क्रेट एकदम गेले. नऊ हजार दोनशे पंचवीस रुपये आले. भालचंद्ररावांनी पावती बरोबर फाडली. पैसे मोजून पेटीत ठेवले, रोकडवहीत बरोबर लिहिले. मग ते माझ्यापाशी आले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, दोन माणसं वजनावरून भांडत होती. भालचंद्ररावांनी एकदा दाराकडे पाहिलं, पुन्हा पेन टेकवलं आणि ती रक्कम डावीकडे लिहिली.

मला ती लगेच टोचली. पण वहीला ओरडता येत नाही. त्यांनी पान उलटलं.

मार्चअखेर तेरीज जुळली नाही. डावी बाजू उजवीपेक्षा अठरा हजार चारशे पन्नासनं जास्त. उजवीकडची रक्कम डावीकडे गेली की फरक दुप्पट पडतो. भालचंद्ररावांना हे पाठ होतं. त्यांनी कागदावर फरकाचं अर्धं केलं, खाली रेघ मारली आणि मला पहिल्या पानापासून चाळायला घेतलं. तेवढ्यात हिंमतराव आत आले. संस्थेची निवडणूक तोंडावर होती. विरोधी गटातल्या कुणीतरी चावडीवर बोलून टाकलं होतं, की संस्थेत अठरा हजारांचा घोळ आहे.

"अठरा हजार कुठी गेले, सायेब?"

"कुठेही गेले नाहीत. पेटीतली रोकड पैशापैशाला जुळते, आत्ता मोजा. लिहिण्यात चूक आहे माझी. चार दिवस द्या, शोधून देतो."

"रोकड जुयते मंग फरक कायचा?"

"हिंमतराव, तेरजेतला फरक वेगळा आणि पेटीतली तूट वेगळी. मी समजावतो, बसा."

हिंमतराव बसले नाहीत. दारात चार माणसं उभी होती, ऐकत होती. ते म्हणाले, "चार दिवसांत आकडे फिरवता येतात. चाब्या ठेवा इथं. तपासणी होईलोक घरी राहा."

 भालचंद्ररावांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. माझ्या पाठीवर तळहात ठेवला. तो गार होता, घामानं ओला होता. एकशे बाराव्या पानाशी त्यांचं बोट अडकून राहिलं होतं. ते त्यांनी काढून घेतलं. अजून एकतीस पानं उलटायची होती.

मला कपाटात घालून कुलूप लावलं. तपासणी झालीच नाही. निवडणूक झाली, हिंमतराव पुन्हा निवडून आले. एका तात्पुरत्या कारकुनानं बेरजा सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीकडे अठरा हजार चारशे पन्नास लिहिले. ज्या रकमेचा ठावठिकाणा कळत नाही ती ज्यात टाकतात, त्या उचंत खात्यात.

पोळ्यानंतर कधीतरी कपाटाच्या फटीतून मी शब्द ऐकले. "कुळकर्णी सायेब गेले. खामगावात. तापानं."

महिन्याभरानं त्यांच्या पत्नी आल्या, शकुंतलाबाई. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढले. "अठरा हजार चारशे पन्नास आहेत. माझ्या पाटल्यांचे. त्यांच्या नावावर काही ठेवू नका."

हिंमतरावांनी पावती दिली. मान वर केली नाही.

"एकदा वही बघू का?" शकुंतलाबाईंनी विचारलं. कारकुनानं मला बाहेर काढलं. त्यांना हिशेब कळत नव्हता. त्या नुसत्या अक्षरावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवसांत एकच घोकत होते. अर्धं करून बघा, अर्धं करून बघा. मला वाटलं, तापात बडबडतायत. तुम्हाला काही कळतंय का?"

कुणालाच कळलं नाही. मला कळलं.

त्यांचे पैसेही उचंत खात्यातच जमा झाले, पुन्हा उजवीकडे.

त्यानंतर ऑफिसची कळाच बदलली. भालचंद्ररावांच्या खुर्चीवर कुणी बसेना. नवा कारकून स्टूल घेऊन कडेला बसायचा, चार महिन्यांत तोही काम सोडून गेला. झाडलोट करणाऱ्या शालूबाई भर दुपारी दारातूनच परत फिरायच्या. म्हणायच्या, "आत पानं वाजून राह्यले. सायेब हिसाब करून राह्यले." हिंमतराव त्यांना रागवायचे, पण स्वतःही आत येईनासे झाले. सह्या ते बाहेरच्या ओट्यावर बसून करायचे. एकदा एकटेच आत आले. खुर्चीकडे न बघता माझ्या कपाटापाशी थांबले. कुलपाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

पानं खरंच वाजत होती का? बंद कपाटात वारा नसतो. मी माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानाला रोज सांगत होते, हल, उघड, कुणालातरी दिस. ते हललं असेल, तर मला माहीत नाही. आणि कधी कधी माझ्या एकशे बाराव्या पानाशी बोट अडकल्यासारखं वाटायचं. गार, ओलसर बोट.

पुढे कॉम्प्युटर आला. माझ्यातल्या शिलका त्यात उतरवल्या गेल्या. मग दोन वर्षांपूर्वी हिंमतरावांची सून अन्नपूर्णा संस्थेत कामाला लागली. मेहकर तालुक्यातल्या डोणगावची, बी. कॉम. झालेली. पहिल्याच दिवशी तिनं ती खुर्ची पुसली आणि सरळ तिच्यावर बसली. शालूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

आठवडाभरात तिनं विचारलं, "मामाजी, हे उचंत खात्यात छत्तीस हजार नऊशे कायचे?"

"जुनं हाये. राहू दे."

"पन हे उलटं हाये. लोक म्हनतात चोरी झाली, मंग पैसे भरले, त खातं मिटाले पाह्यजे होतं. हे त दुप्पट झालं. भरलेले पैसे वरचे होऊन बसले."

हिंमतराव उठून गेले. जेवायलाही थांबले नाहीत.

मग शालूबाईंनी तिला सगळं सांगितलं. दारात बसून, आत न येता. शेवटी म्हणाल्या, "सायबांच्या बाई सांगत होत्या, सायेब मरतानी 'अर्धं करा, अर्धं करा' म्हनत होते. काय अर्धं करायचं होतं, देवाले मालूम."

अन्नपूर्णाच्या हातातला चहा तसाच राहिला. "काय म्हनत होते?"

"अर्धं करा."

तिनं कॅल्क्युलेटर ओढलाच नाही. तोंडानंच म्हणाली, "अठरा हजार चारशे पन्नासचे अर्धे, नऊ हजार दोनशे पंचवीस." आणि उठून किल्ल्या मागायला घरी गेली.

कपाट उघडलं तेव्हा उजेडानं मला दिपल्यासारखं झालं. तिनं नळावर हात धुतले होते. ते तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. ती प्रत्येक पानाची डावी बाजू बोटानं खाली खाली उतरत गेली. एकशे बारा ओलांडलं. एकशे तीस. एकशे चाळीस. मी श्वास धरून ठेवला. बोट थांबलं. तिनं त्या वर्षाची पावत्यांची पुस्तकं काढली, तारीख लावली. पावती आलेल्या पैशांची होती आणि रक्कम परत दिलेल्यांच्या बाजूला होती.

"शालूबाई," ती हळूच म्हणाली, "सायबांनी एक पैसा नव्हता घेतला."

शालूबाई पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या वाकून त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी तिनं हिंमतरावांना बोलावलं. मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोट टेकवलं. सगळं दोनदा समजावलं. हिंमतरावांनी वही जवळ ओढली. शेवटी म्हणाले, "हे त पोराच्या हातून झाल्यासारखी चूक हाये."

"हो."

"चार दिवस मांगत होता तो माणूस."

"तुमी काऊन नाही देले, मामाजी?"

हिंमतरावांचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मले हे दोन बाजूचं कदी समजलंच नाही, अन्नपूर्णा. दहा वर्स अध्यक्ष होतो. चार लोकांपुढं कसं म्हनू, का मले समजत नाही? चोर म्हननं सोपं गेलं." मग दाराबाहेर बघत ते म्हणाले, "वावरात पानी देतानी बी तो मांगून राह्यते. चार दिवस द्या, चार दिवस द्या. सहा वर्सापासून."

दुसऱ्या आठवड्यात पंचांची बैठक झाली. उचंत खात्यातली अर्धी रक्कम क्रेट-अनामतीच्या उजव्या बाजूला गेली, जिथं ती पहिल्यापासून जायला हवी होती. उरलेल्या अर्ध्याचा शकुंतलाबाईंच्या नावे चेक निघाला. उचंत खातं शून्यावर आलं.

मला कापडी पिशवीत घालून दोघं खामगावला गेले. शकुंतलाबाईंनी दार उघडलं. हिंमतराव बाहेरच उभे राहिले, चप्पल काढायचंही त्यांना सुचेना. अन्नपूर्णानं चेक पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"आधी ते पान दाखवा."

मला त्यांच्या मांडीवर उघडलं. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली. "म्हणजे इकडचं तिकडे लिहिलं, एवढंच?"

"एवढंच," अन्नपूर्णा म्हणाली.

त्या हसल्यासारखं काहीतरी करू लागल्या आणि ते हसू मोडलं. 

हिंमतराव दारातूनच म्हणाले, "वहिनी, मी भर सभेत वाचून दाखवतो. पावतीचा नंबर, तारीख, सगळं. माहं नाव घेऊन, का मी त्यायले चोर म्हनलो."

"वाचा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण मला बोलवू नका."

त्यांनी चेक घेतला, घडी न करता देव्हाऱ्याशेजारी ठेवला. चहा विचारला नाही.

सभेत हिंमतरावांनी वाचलं. अडखळत वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एकानं विचारलं, "ते ठीक हाये, पन नवे क्रेट कधी येतीन?" आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

आता मी पुन्हा कपाटात आहे. अन्नपूर्णा कुलूप लावत नाही. शालूबाई दुपारी आत येतात, पंखा लावून जमिनीवर आडव्या होतात. पानांचा आवाज थांबला का? नाही. परवाच त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या, "सायेब, झालं न आता. जा घरी." आवाज तरीही आला.

पण हा आवाज वेगळा आहे. मागच्या पुठ्ठ्यातून मला वाळवी लागली आहे. शेवटापासून कुरतडत ती पुढे सरकते आहे. दोनशेव्या पानापर्यंत आली, हे अजून कुणाला माहीत नाही. पुढे एकशे त्रेचाळिसावं आहे. त्या पानावर त्यांची एकुलती एक चूक आहे, आणि आजूबाजूला त्यांचं बारीक, उभं, एकसारखं अक्षर. वाळवी दोन्ही एकदमच खाईल.

कुणी ऐकत असेल तर मला कपाटातून काढा. ओट्यावर कडक उन्हात पसरा, पानापानातून ऊन जाऊ द्या. चूक माझ्या अंगावर राहिली तरी चालेल. ती मी सांभाळीन. त्यांचं अक्षर तेवढं वाचवा.