डाव्या कोपऱ्याला भोक पडलेली केप

या मित्रांनो, असे काचेला अगदी खेटून बसा. लांबून माझा आवाज पोचणार नाही, कारण आत चित्रपट चालू आहे आणि तिथे पुन्हा एकदा अख्खे शहर कोसळते आहे. कोसळू द्या. दिवसातून चार वेळा कोसळते. तोवर मी तुम्हांला एका माणसाची गोष्ट सांगते. मी सांगितली नाही तर ती कोणी सांगणार नाही.

मी एक जुनी केप आहे. टीव्हीवरच्या एका मालिकेत मुखवटा घातलेला सुपरहिरो होता, त्याच्या पाठीवर मी फडफडत असे. आता त्याच सुपरहिरोवर नवा चित्रपट निघाला आहे आणि जाहिरातीसाठी मला या चित्रपटगृहाच्या दालनात, काचेच्या कपाटात टांगले आहे.

खरे सांगू? दालनातल्या पडद्यावर दिवसभर त्याचेच तुकडे बघून या चित्रपटाची मला शिसारी आली आहे. त्यातल्या सुपरहिरोच्या पाठीवर खरी केपच नाही! ती म्हणे संगणकावर रंगवली. ती कधी भिजत नाही, दाराच्या कडीत अडकत नाही, पायात येऊन धन्याला तोंडावर पाडत नाही. नट हिरव्या पडद्यासमोर उभा राहून एक भुवई उडवतो आणि त्याला अभिनय म्हणायचे. पूल कोसळतो, शेकडो माणसे जातात आणि हा बाबा पुढच्याच वाक्याला विनोद करतो. प्रेक्षक हसतात! अरे, ज्याला देवाने बळ दिले त्याच्या डोळ्यांत आधी पाणी यायला हवे. नुसते बळ तर क्रेनलाही असते, पण क्रेनवर कोणी मालिका काढत नाही.

असो. जीभ घसरली. मूळ गोष्टीकडे येते.

मला कपडेपटाच्या मावशींनी शिवले. एकाच ताग्यातून त्यांनी दोन केप बेतल्या. धाकटी बहीण मोठ्या नटासाठी, ती सदा इस्त्रीत. थोरली मी, मार खाण्यासाठी. गच्चीवरून उड्या मारणे, काच फोडून आत शिरणे ही कामे मोठा नट करत नसे. ती करणाऱ्याला सगळे उडीमास्तर म्हणत. मुखवटा कपाळापासून हनुवटीपर्यंत, त्यामुळे आत कोण आहे हे बघणाऱ्याला कळायची सोयच नव्हती.

मोठ्या नटाबद्दल वाईट बोलू नये, पण बोलते. त्याला एकच अभिनय येत असे. छाती पुढे, हनुवटी वर. विजय झाला तरी हनुवटी, आई वारली तरी हनुवटी.

एकदा आगीच्या भागाचे चित्रीकरण होते. सुपरहिरो पोचतो तेव्हा घर जळून गेलेले असते आणि एक आई पायरीवर बसलेली असते. त्याने नुसते तिच्यासमोर उभे राहायचे होते. मोठा नट म्हणाला, "धुराने माझा घसा बसेल. पाठमोरंच आहे ना? मग उभा करा की त्यालाच."

उडीमास्तर उभे राहिले. कुठूनशी ठिणगी उडाली आणि माझ्या डाव्या कोपऱ्याला लिंबाएवढे भोक पडले. मास्तर हलले नाहीत. आधी त्यांची मूठ सुटली. मग मान खाली गेली. मग ते गुडघ्यावर बसले, मला स्वतःच्या खांद्यांवरून सोडवले आणि त्या आईच्या अंगावर पांघरले. हे कागदावर लिहिलेले नव्हते. दिग्दर्शक "थांबा" म्हणायचे विसरले.

तो भाग घरोघरी गाजला. त्यासाठी बक्षीस मिळाले, आणि ते अर्थातच हनुवटीला मिळाले.

आता मावशींची चूक ऐका. पुढच्या भागांत दोन्ही केप सारख्या दिसायला हव्यात, म्हणून धाकटीलाही भोक पाडायचे होते. मावशींनी माझा फोटो समोर ठेवला. फोटोत मास्तर समोर तोंड करून उभे होते, त्यामुळे माझा डावा कोपरा मावशींच्या उजव्या हाताला आला. त्यांनी तापल्या इस्त्रीचे टोक टेकवले ते धाकटीच्या उजव्या कोपऱ्याला! चूक कळल्यावर बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. दिग्दर्शक म्हणाले, "राहू द्या हो मावशी. कोपरा कोण बघतंय?"

पुढे एका उडीत मास्तरांचा गुडघा गेला, मालिकाही संपली, आणि मी वर्षानुवर्षे डांबरगोळ्यांच्या वासात पेटीत पडून राहिले. तिथून निघाले ती थेट या कपाटात. खाली पाटी लावली आहे, 'मोठ्या नटाने प्रत्यक्ष वापरलेली केप'. इतके धडधडीत खोटे, तेही सोनेरी अक्षरांत.

गेल्या आठवड्यात दुपारच्या खेळाआधी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. बरोबर आठ-नऊ वर्षांची नात. चालण्यावरून नाही, पण खांद्यांवरून मी ओळखले. उडीमास्तर!

नातीने पाटी मोठ्याने वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मी वर्गात सांगितलं होतं तुम्ही सुपरहिरो होतात म्हणून. सगळे मला थापाडी म्हणतात. यात तर तुमचं नावच नाही. तुम्ही खोटं सांगितलंत?"

मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी काच फोडून ती पाटी उपटली असती.

दारावर तिकिटे तपासणाऱ्या बाई जवळच होत्या. जुन्या मालिकेच्या त्या निस्सीम चाहत्या. नव्या चित्रपटाला त्या 'रंगवलेलं डबडं' म्हणतात. त्या पुढे आल्या.

"काका, एक विचारू? भोक डावीकडे असलं की मालिकेतला सुपरहिरो काळजाला हात घालायचा आणि उजवीकडे असलं की नुसता ठोकळा. मी बहिणीशी इतकी वर्षं भांडतेय यावरून. ती म्हणते, तुझं डोकं फिरलंय."

"बहिणीला सांगा, डोकं ठीक आहे," मास्तर म्हणाले. "दोघं होतो आम्ही. डावीकडचा मी."

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "असं? मग आगीच्या भागात त्या आईच्या अंगावर केप घाला, हे तुम्हांला सांगितलं कुणी?"

"कुणी कशाला सांगेल? ती बाई बंबाच्या पाण्याने नखशिखान्त भिजली होती हो. सकाळपासून तशीच बसवलेली. कुडकुडत होती. मला राहवेना. दिली पांघरायला. मला कुठला अभिनय येतोय!"

बाईंचे कमरेवरचे हात खाली आले. त्या दिवशी मी ओली झाले होते खरी, पण इतकी वर्षे मी त्याला अभिनयच समजत होते.

नात आजोबांकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा हात धरला. "उद्या वर्गात सांगते."

"काय सांगशील?"

"की माझ्या आजोबांना अभिनय येत नाही."

मास्तर इतके हसले की काठी हातातून सुटली.

बाईंनी व्यवस्थापकांकडे जाऊन पाटी बदलायला सांगितली. "कंपनीने छापून पाठवलीय. आपल्याला काय करायचंय?" असे उत्तर मिळाले. पाटी अजून तशीच आहे आणि मी रोज तिच्या वर लटकते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. कापड आहे, विरून जाईल. पण एक कराल? मालिकेच्या शेवटी नावे वर सरकत, त्यांत मास्तरांचे नाव कधीच आले नाही. सगळ्यांत खाली एवढेच असे, 'आणि इतर'. यापुढे कुठेही त्या दोन शब्दांपर्यंत आलात, तर खुर्चीवरून लगेच उठू नका. घटकाभर बसा आणि माझ्या उडीमास्तरांची आठवण काढा.