सिस्टरचा मिस कॉल

सिस्टर केंद्रात येत नव्हती आणि कंडक्टरबाईंना तिची काळजी वाटत नव्हती. राग येत होता.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात जन्मभर लोकांना सुया टोचून निवृत्त झालेली बाई. कंडक्टरबाई तिच्याच वयाच्या, बसमध्ये ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत घसा कायमचा बसवून घेतलेल्या. दोघींची गाठ पडली विरंगुळा केंद्रात. वॉर्ड ऑफिसच्या मागे एक हॉल आहे. तिथे पूर्वी डास मारायच्या औषधाची पिंपं ठेवायचे. पिंपं हलली आणि म्हातारे आले. कॅरम, खुर्चीत बसून हातपाय हलवायचा व्यायाम, दुपारचं जेवण आणि न्यायला-आणायला एक व्हॅन. म्हाताऱ्यांना आणखी काय लागतं, असं हे सगळं ठरवणाऱ्यांना वाटतं. ठरवणारे अजून म्हातारे झालेले नसतात.

तर या दोघींचं कॅरमवरून वाजलं. कंडक्टरबाई म्हणाल्या, तू सोंगटी बोटानं ढकललीस. सिस्टर म्हणाली, तू जन्मभर सुट्टे पैसे बुडवलेस, तू मला शिकवू नकोस. हॉलभर हशा पिकला. कंडक्टरबाई तरातरा निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सिस्टर यायची बंद झाली. बाईंना वाटलं, रुसली. रुसू दे. चूक तिची, मग आपण का म्हणून वाकायचं?

त्यांनी एकदा सिस्टरच्या लेकाला फोन केला होता, हेही सांगायला हवं. लेक ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. त्याचं लग्न मोडलेलं, घरात मायलेक दोघंच. तो गोड आवाजात म्हणाला, काकू, गुडघा धरलाय आईचा, आराम करतेय, इतक्यात कुणाला भेटायचं नाही म्हणते. ‘भेटायचं नाही’ हे ऐकलं आणि बाईंचा पारा आणखी चढला.

आणि काळजी नव्हती याचं खरं कारण म्हणजे मिस कॉल. तो रोज सकाळी येत होता.

हा मिस कॉल काय ते नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. केंद्रात एक शिंपीकाका यायचे, एकटे राहायचे. ते घरात मेले आणि शेजाऱ्यांना वास आला तेव्हा जगाला कळलं. त्यानंतर म्हाताऱ्यांनी आपली आपणच साखळी बांधली. सकाळी उठल्यावर प्रत्येकानं पुढच्याला मिस कॉल द्यायचा. त्याचा अर्थ, मी आहे. चहाच्या वेळेपर्यंत आला नाही, तर पुढच्यानं थेट दार गाठायचं. सिस्टरनं कंडक्टरबाईंना द्यायचा, बाईंनी हवालदारांना. हवालदार म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले आणि अजून झालो आहोत हे मान्य नसलेले गृहस्थ. नियम त्यांचाच: फोन उचलायचा नाही. उचलला की गप्पा सुरू होतात, संधिवातापासून सुनेपर्यंत सगळं निघतं आणि साखळी अडून बसते. जो उचलेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

केंद्राच्या मॅडमनी या साखळीवर भाषण केलं, कुठली तरी ढाल मिळवली आणि ढालीसोबत फोटो काढला. साखळी म्हाताऱ्यांची, फोटो मॅडमचा. असो.

त्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा बाईंच्या हातात चहाचा कप होता आणि डोक्यात तोच राग. मी आहे, मी आहे, हे रोज कळवतेस, मग येत का नाहीस? एवढी कसली ऐट? त्यांनी नियम चुलीत घातला आणि फोन उचलला.

उचलल्या उचलल्या सुरुवात केली. काय गं भवाने, सोंगटीसाठी मैत्री सोडलीस, येतेस की झिंज्या धरून आणू, असं बरंच. सगळं बोलून झालं, दम लागला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पलीकडून शिवी येत नाहीये. सिस्टर आणि उलट शिवी देत नाही?

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मागे दार फुस्स करून मिटलं, दोनदा घंटी वाजली, इंजिनानं जोर धरला. हा आवाज बाईंना झोपेतही ओळखता आला असता.

“काकू, आई झोपलीय,” लेकाचा आवाज आला.

“कुठे झोपलीय?” बाई म्हणाल्या. “बसमध्ये?”

फोन बंद झाला.

बाईंच्या हातातला कप कधी खाली पडला ते त्यांना कळलंच नाही. पायावर गरम चहा सांडला होता, तेही त्यांना नंतर दवाखान्यात कळलं. आई घरी, फोन लेकाच्या खिशात, आणि तोच रोज सांगतोय, मी आहे. मग ती कुठे आहे? आहे तरी का?

त्या तशाच केंद्रात आल्या. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा कुटुंबाचा अंतर्गत मामला आहे, आपण परस्पर जाणं बरं दिसणार नाही, आधी वर विचारावं लागेल. हवालदार कॅरमच्या बोर्डावरून उठले, म्हणाले, तुम्ही वर विचारा, आम्ही सरळ जातो, आणि व्हॅनच्या ड्रायव्हरला दंडाला धरून बाहेर काढलं.

सिस्टरचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोघेही गुडघेदुखे, कठड्याला धरून धरून चढले, मागून ड्रायव्हर. दुसऱ्या मजल्यावरच टीव्ही ऐकू यायला लागला. कुठली तरी मालिका, जिना दणाणून जाईल इतक्या मोठ्यानं. बाई मध्येच थांबल्या. त्यांना हसू फुटलं आणि संतापही आला. म्हणजे ही महाराणी घरात बसून मालिका बघतेय आणि आपण इथे जीव काढतोय. फोन लेक चुकून घेऊन गेला असेल. हवालदारही म्हणाले, बाई, आता चहा तुमच्याकडे लागला.

मग ते दारापाशी पोचले. दाराला बाहेरून कुलूप होतं.

समोरचं बिऱ्हाड रिकामं होतं, तिथे विचारायला कुणी नव्हतं. बाईंनी दारावर थाप मारली. टीव्हीतली सासू बोलत राहिली. पुन्हा थाप मारली, नावानं हाक मारली, दाराला कान लावला. मालिकेत जाहिरात लागली, आवाज क्षणभर तुटला आणि त्या फटीतून आतून कुणीतरी म्हणालं, “कोण?”

हवालदारांचा चेहरा पांढरा झाला. तरी तोंडातून नोकरी निघालीच. कुलूप तोडणं हा गुन्हा आहे, म्हणाले. बाईंनी विचारलं, “आणि लावणं?”

ड्रायव्हर खाली धावला आणि व्हॅनमधली पहार घेऊन आला. कडी जुनी होती, दोन हिसक्यांत निघाली.

आधी वास आला. मग टीव्ही दिसला. मग पलंग. पलंगाच्या उघड्या बाजूला दोन खुर्च्या पाठ करून बांधल्या होत्या, गाडीतून माल पडू नये म्हणून बांधतात तशा. मधे सिस्टर. एवढी थोराड बाई, चादरीखाली तिचा उंचवटासुद्धा दिसत नव्हता. उशाशी पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा. एक पाय बाहेरच्या बाजूला वळून पडलेला, स्वतःचा नसल्यासारखा.

बाईंनी टीव्ही बंद केला.

सिस्टरच आधी बोलली. आवाज कोरडा, पण दवाखान्यातला. खुब्याचं हाड मोडलंय, म्हणाली, न्हाणीत पडले. उचलताना पाय ओढू नका. पाठीला जखमा झाल्यात, चादर चिकटली असेल, पाणी लावून सोडवा. लेक म्हणाला, ऑफिसात तपासणी चाललीय, ती आटोपली की ऑपरेशन करू. तोवर दोन गोळ्या देतो. देतो म्हणजे, आठवलं तर.

हे सगळं तिनं दुसऱ्या कुणा पेशंटबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग तिनं कंडक्टरबाईंकडे मान वळवली. त्या नजरेत सुटल्याचा आनंद नव्हता.

“तू का नाही आलीस?” सिस्टर म्हणाली. “फोन बिघडला म्हणून त्यानं दुरुस्तीला दिला. मी म्हटलं, बरं झालं. मिस कॉल जाणार नाही, म्हणजे तू येशील. चहापर्यंत येशील. रोज जिन्यावर कान लावून पडायचे गं. इतका राग धरलास?”

बाईंपुढे दोन वाटा होत्या. हो म्हणायचं, राग धरला, चुकले, आणि शिव्या खायच्या. मग निदान सिस्टरचा लेक तिच्यापाशी राहिला असता, निष्काळजी, विसराळू, पण लेक. हवालदार मागून खुणावत होते, आत्ता नको, आत्ता नको.

पण बाई जन्मात कुणाला खोटं तिकीट फाडून दिलं नाही अशा. त्या पलंगापाशी वाकल्या.

“मिस कॉल येत होता,” त्या म्हणाल्या. “रोज. तुझ्याच फोनवरून.”

सिस्टरला लगेच कळलं नाही. तिचे ओठ हलले, मनातल्या मनात जुळवाजुळव करत असल्यासारखे. साखळीबद्दल तिनंच घरी कौतुकानं सांगितलं होतं. मिस कॉल आला नाही तर आमची म्हातारी फौज दारात येऊन उभी राहते बरं का, असं हसत हसत. तेव्हा लेक जेवत होता. ऐकून घेत होता.

कळलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. तिचा चेहरा फक्त थांबला. बाई सांगतात, माणूस गेल्यावर चेहरा थांबतो तो वेगळा. हा जिवंतपणी थांबलेला होता.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर जिन्यातून खाली उतरत होतं आणि खालून लेक धावत वर आला. बाईंच्या त्या एका प्रश्नानं त्याला अर्ध्या वाटेतून परत आणलं असणार. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. तो आईकडे बघेना, बाईंकडे बघून बोलायला लागला. काकू, गैरसमज करून घेऊ नका, तुम्हा सगळ्यांना उगाच घोर नको म्हणून मिस कॉल देत होतो. सुट्टी मिळाली की सगळं करणारच होतो. दाराला कुलूप लावलं ते चोरांच्या भीतीनं, टीव्ही लावला तो तिचा वेळ जावा म्हणून. प्रत्येक गोष्टीला त्याच्यापाशी उत्तर तयार होतं. हवालदारांनी हात उचलला होता. सिस्टर म्हणाली, थांबा.

तिनं लेकाला जवळ बोलावलं. तो वाकला. त्याला वाटलं असेल, आई आता सांभाळून घेईल. आया घेतात. त्याच भरवशावर तर हे असले लेक जगतात.

“मिस कॉल कधी द्यायचास?” तिनं विचारलं.

“बसमध्ये बसलो की.”

“एकदाही विसरला नाहीस?”

“नाही आई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती. “एकदाही नाही.”

सिस्टरनं मान हलवली. गोळ्या मात्र त्याला आठवल्या तरच मिळायच्या. स्ट्रेचर धरणाऱ्यांचे हात भरून आले, पण कुणी हललं नाही.

मग ती हवालदारांना म्हणाली, तक्रार लिहून घ्यायला लावा, मी शुद्धीत आहे तोवर सही करते. आणि स्ट्रेचरवाल्यांना म्हणाली, पायाकडची बाजू वर धरा, चला.

लेक भिंतीला चिकटून उभा राहिला, कारण जिना अरुंद होता आणि स्ट्रेचरला वाट द्यायला हवी होती.